समोरची सुई

१

काही माणसांना कळतं पण वळत नाही. दमलेल्या बाईने नवं काम अंगावर घेऊ नये, हे तिला पुरतं कळत होतं. तयार कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ती दिवसभर लोकांच्या पॅन्ट आखूड करायची, बाह्या उसवायची, कंबरा सैल करायची. गिऱ्हाईक जाड झालं तरी दोष शिवणाऱ्याचाच, हे तिथलं पहिलं शास्त्र. संध्याकाळी घरी आलं की वरच्या मजल्यावरच्या काकूंकडून लेकीला, चिमीला, खाली आणायचं. मग भांडी, कपडे, अभ्यास, स्वयंपाक. एवढं उरकल्यावर शहाणं माणूस आडवं होतं. ती मात्र त्या हिवाळ्यात गोधडी शिवायला बसली.

त्याला कारण होतं. नवरा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिना महिना घराबाहेर असायचा. मागच्या फोनवर तो म्हणाला होता, "हे बघ, तुझ्यावर ओझं होतंय. चिमीला वर्षभर माझ्या ताईकडे ठेवू. तिथे ऊन आहे, माणसं आहेत, खेळायला भावंडं आहेत. मी आलो की ठरवू."

"मी कुठे काय म्हणतेय?"

"तू म्हणत नाहीस, तेच तर. आवाजावरून कळतं मला."

तो वाईट माणूस नव्हता. त्याचं चुकतही नव्हतं, आणि म्हणूनच ते तिला लागलं. चिमीच नसेल तर संध्याकाळी कुलूप उघडून आत तरी कशाला यायचं, असं फोन ठेवल्यावर तिच्या मनात आलं.

घर तळमजल्यावरचं. थंडीच्या दिवसांत ऊन समोरच्या इमारतीवरून खाली उतरायचंच नाही. बाहेरच्या खोलीची मोठी भिंत सकाळपासून राखेच्या रंगाची दिसायची आणि चिमी तिच्याकडे पाठ करून जेवायची. नवरा यायच्या आत त्या भिंतीवर काहीतरी पिवळं, केशरी, लाल टांगायचं आणि घर हसतं करायचं. मग तो आपणहून म्हणेल, कशाला पाठवायचं पोरीला. तिने एवढाच विचार केला होता.

२

दुकानातल्या चिंध्यांना कुणी मालक नसतो. तिने उन्हाच्या रंगाच्या तेवढ्या वेचून आणल्या, मशीनवर एकमेकींना जोडल्या आणि दारापेक्षा थोडा लहान असा तुकडा तयार केला. बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर आधी अस्तर अंथरलं, त्यावर एक जुनी मऊ चादर, सगळ्यात वर ते रंगीत तुकडे. तिन्ही थर हलू नयेत म्हणून कच्चे टाके घातले. आता उरला होता तो फक्त धावदोरा. कडेपासून मध्यापर्यंत, ओळीमागून ओळ, हाताने.

तिच्या माहेरी गोधडी कधी एकटीने शिवली नाही. आई एका कडेला बसायची, ही समोरच्या. दोघी आपापल्या बाजूने ओळी घालत मध्याकडे सरकायच्या आणि जिथे भेटतील तिथे दोन्ही दोऱ्यांची मिळून एकच गाठ मारायच्या. आईला जवळचं दिसायचं नाही. म्हणून बसण्याआधी दोन्ही सुयांत दोरा हीच ओवायची आणि एक सुई समोरच्या कडेला टोचून ठेवायची. ती दिसली की आई हातातलं काम टाकून यायची. "सुई लावलीस ना, मग आता बसायलाच हवं," म्हणायची.

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरी त्या संध्याकाळी हातांनी आपलं आपण सगळं केलं. दोन सुया ओवल्या, एक स्वतःजवळ ठेवली, दुसरी वाकून समोरच्या कडेला टोचली. तिथे टेबल आणि भिंत यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत एक खुर्ची होती, तिच्यावर कधी कुणी बसायचं नाही. काय केलं हे लक्षात आल्यावर तिला हसू आलं. सुई काढायला परत वाकायला हवं होतं, आणि तिची कंबर दिवसभर मशीनवर वाकून आलेली.

"राहू दे," ती मोठ्याने म्हणाली. "कुणी हात लावला तर बरंच आहे."

आणि तिने आपल्या बाजूने पहिली ओळ घालायला घेतली.

३

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तेव्हा समोरच्या कडेला दोन ओळी घातलेल्या होत्या.

तिने पिशवी खाली ठेवली आणि आधी पायांतल्या चपला काढल्या. मग पुन्हा पाहिलं. दोन ओळी, सरळ, शेवटाला सुई टोचून ठेवलेली. तिला पहिल्यांदा काकूच आठवल्या. त्यांच्याकडे घराची दुसरी किल्ली असायची, आणि दुसऱ्याच्या घरात हात घालायची त्यांना हौसही होती.

चिमीला आणायला वर गेली तेव्हा तिने विचारलं, "काकू, तुम्ही शिवलंत का खाली थोडं?"

काकूंनी आपला थरथरता उजवा हात तिच्यापुढे धरला. "या हाताने? अगं, चहा अर्धा बशीत जातो माझा. आणि मी कशाला तुझ्या आयत्या पिठावर रेघोट्या ओढू?"

खाली आल्यावर तिने चिमीला विचारलं. चिमी बुटाची नाडी सोडत होती. "मी नाही. मला तू सुईला हात लावू देतेस का?"

हे खरं होतं. मग उरली ती स्वतः. काल रात्रीचं जेवण झाल्यावर ती पुन्हा टेबलाशी बसली होती, हे तिला आठवत होतं. मधेच डोळा लागला असेल. झोपेच्या धुंदीत माणूस काय वाटेल ते करतं. तिच्या दुकानातल्या एका बाईने डुलक्या घेत पॅन्टच्या एकाच बाजूला तीन खिसे लावले होते. तिने सगळा दोष झोपेवर टाकला आणि भात टाकायला गेली.

४

पण टाके काही गप्प बसू देईनात. शिवणाऱ्या बाईला टाका ओळखता येतो, जसं हस्ताक्षर ओळखता येतं. हे टाके आईचे नव्हते. आई लांब लांब, उड्या मारल्यासारखे टाके घालायची आणि वर म्हणायची, पांघरणाऱ्याला झोपेत काय कळतंय. हे बारीक होते. ओळीत अधूनमधून एखादा टाका जरासा तिरका पडलेला होता. तिचं स्वतःचं मधलं बोट जुन्या जखमेने वाकडं होतं. सुई ढकलताना ते दुखलं की तिचा टाका नेमका असाच तिरका पडायचा.

रोज संध्याकाळी समोरच्या ओळी वाढलेल्या असायच्या. तिच्या एका ओळीला तिकडच्या दोन.

एकदा जिन्यात काकू म्हणाल्या, "आज दुपारी लवकर सुटलीस का गं? मी भाजी घेऊन येत होते तर तू खिडकीतून शिवताना दिसलीस. दोनदा हाक मारली. तू मानच वर केली नाहीस."

"मी नव्हते काकू. मी कामावर होते."

"बरं बाई, नसशील," काकू म्हणाल्या, पण त्यांना राग आल्याचं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिने मशीन थांबवून कापड बेतणाऱ्या मास्तरांना विचारलं, "काल दुपारी मी इथेच होते ना?"

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "ताई, तुम्ही जागच्या हलला नाहीत. जेवणाचा डबासुद्धा उघडला नाहीत. बरं वाटत नाही का? एक दिवस घरी पडून राहा."

तेवढ्याने तिला धीर यायला हवा होता. उलट घरी परतताना तिची पावलं जड झाली. खिडकीशी ती नव्हती हे नक्की झालं, म्हणजे आता दुसरं कुणीतरी होतं हेही नक्की झालं. दाराशी पोचल्यावर तिने किल्ली लावली आणि आत कुणाला ऐकू जाईल अशा बेताने मुद्दाम खाकरली. खोली रिकामी होती. भिंतीकडची खुर्ची टेबलापासून जरा मागे सरकलेली होती, आणि वाळलेले कपडे घडी करून पलंगावर ठेवले होते.

आता खरं सांगायला हवं. कपड्यांची ती घडी पाहून ती घाबरली, पण त्याआधी क्षणभर तिला बरं वाटलं. एक काम कमी झालं होतं.

५

तिने सुई काढून घेतली. समोरच्या कडेवरून उपसली, डब्यात टाकली, डबा कपाटात ठेवला. घरी आली तर सुई पुन्हा कडेला होती आणि ओळी पुढे सरकलेल्या होत्या. दुसऱ्या खेपेला तिने डबाच पिशवीत घालून कामावर नेला. त्याचाही उपयोग झाला नाही. कुलूप शाबूत, खिडकीची कडी शाबूत. ती या खोलीतून त्या खोलीत गेली, पलंगाखाली पाहिलं, मोरीत पाहिलं, आणि आपण काय शोधतोय हे न कळून परत आली.

पोलिसात जाऊन काय सांगायचं? माझ्या घरात कुणीतरी शिरतं आणि माझी कामं करतं? हसतील लोक. म्हणतील, पत्ता द्या, आमच्याकडेही पाठवा.

आणि घर खरोखरच उजळत चाललं होतं. भांडी घासलेली असत. खिडकीच्या काचा पुसलेल्या असत. टेबलावर पसरलेली गोधडी दोन्ही बाजूंनी भरत येत होती आणि तिच्या पिवळ्या-केशरी रंगाचा उजेड भिंतीवर पडल्यासारखा दिसत होता. चिमी आता भिंतीकडे तोंड करून बसायची. काकूंकडे थांबायला नको म्हणायला लागली, शाळेतून थेट खाली येते म्हणाली.

"एकटी कशी बसशील?"

"एकटी कुठे?" चिमी म्हणाली, आणि तोंडात घास घेतला.

पुढचा प्रश्न तिच्या जिभेवर आला होता. पण उत्तर ऐकायची ताकद लागते, ती त्या संध्याकाळी तिच्यात नव्हती. तिने विचारलं नाही. चिमीच्या दोन वेण्या घट्ट आणि सारख्या घातलेल्या होत्या, भांग सुईने आखल्यासारखा. सकाळच्या घाईत तिच्याकडून रोज एकच वेणी व्हायची आणि तीही शाळेत पोचेपर्यंत सुटायची.

"वेण्या छान आहेत," ती म्हणाली.

"हो ना," चिमी म्हणाली. "मला गोष्ट पण सांगितलीस ना तू. ती पुढची कधी सांगशील?"

ती ताट घेऊन उठली. तिला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त हेवा वाटत होता, आणि त्याची तिला लाज वाटली.

६

नवरा यायच्या आदल्या दिवशी सुट्टी होती. दुपारची जेवणं झाल्यावर ती शिवायला बसली. मध्यावर वीतभर पट्टी तेवढी राहिली होती. चिमी जमिनीवर रंगीत खडू पसरून चित्र काढत होती. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवून पाहत होतं.

पाच-सहा टाके झाले आणि कापड हाताखाली हललं.

फार नाही, जरासंच. समोर बसलेल्या माणसाने दोरा ओढून घेतला की आपल्या बाजूचं कापड जसं खेचलं जातं, तसं. तिला ते लहानपणापासून माहीत होतं. तिने सुई थांबवली. समोर खुर्ची होती, खुर्चीमागे भिंत होती. खुर्चीवर कुणी नव्हतं. कापड पुन्हा खेचलं गेलं आणि दोरा कापडातून जातानाचा तो बारीक सुर्र आवाज आला.

तिने स्वतःला समजावलं. टेबलाचा एक पाय आखूड आहे, टेबल डुगडुगतं, म्हणून. खिडकीतून वारा येतो, म्हणून. खिडकी बंद होती. तिने दोन्ही तळवे गोधडीवर दाबून धरले. तळव्यांखाली कापड एका लयीत जात-येत होतं, आणि ती लय तिच्या स्वतःच्या हाताची होती. आपल्या टाक्याचा वेग आपल्याला कळतो. फक्त त्या लयीत थकवा नव्हता. ती मधे थांबत नव्हती.

चिमीचा एक खडू घरंगळत टेबलाखाली गेला. चिमी त्याच्यामागे रांगत आत शिरली.

"आई, पाय बाजूला घे ना."

तिने पाय मागे ओढून खुर्चीखाली घेतले.

"हे नाही गं," टेबलाखालून चिमीचा आवाज आला. "तिकडचे."

भिंतीच्या बाजूने फरशीवर काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. चिमी खडू घेऊन बाहेर आली आणि पुन्हा चित्रात रमली. तिने मात्र खाली वाकून पाहिलं नाही.

७

नवऱ्याचा फोन आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. गाडी लावली, संध्याकाळी पोचतो. चिमी शाळेत होती. तिने कामावर सुट्टी सांगितली होती.

तिने ठरवलं होतं की समोरचं सगळं उसवायचं. दोन बाजूंचे दोरे भेटल्यावर काय होईल ते तिला माहीत नव्हतं, पण ते होऊ द्यायचं नव्हतं. टेबलाला वळसा घालून ती भिंतीकडच्या कडेला उभी राहिली, टाक्यात कात्रीचं टोक घातलं आणि दोरा धरून ओढला.

पलीकडे तिच्या बाजूच्या ओळींना चुण्या पडल्या.

तिने पुन्हा ओढला. पुन्हा तिकडे चुण्या. तेव्हा तिने गोधडी उलटी केली. वरून मध्यावर मोकळी पट्टी दिसत होती, पण खाली अस्तरावरून दोरा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेलेला होता. तिने तो बोटाने चाचपत नेला. गाठ कुठेच नव्हती. ती ज्या दोऱ्याने इतके दिवस शिवत होती, तोच दोरा तिकडे निघाला होता. एकच दोरा होता.

कापला तर तिचंही सगळं उसवणार. टेबलावर चिंध्यांचा ढीग राहील. संध्याकाळी नवरा येईल, त्याला राखेच्या रंगाची भिंत दिसेल, त्या भिंतीपुढे डोळ्यांखाली काळं झालेली बायको दिसेल, आणि तो प्रेमानेच म्हणेल, चिमीचे कपडे भर. एवढं डोळ्यांपुढे आलं आणि तिने कात्री बाजूला ठेवली. भीती असेल ती असेल. चिमी गेली तर मात्र काहीच उरणार नव्हतं.

तिने चुण्या हाताने सारख्या केल्या. आपल्या जागी येऊन बसली. राहिलेली पट्टी शिवायला घेतली.

समोरून कापड खेचलं जात होतं. तिने वर पाहिलं नाही. ती टाका घाली, तिकडून टाका पडे. शेवटच्या टाक्याला तिने सुई खाली घातली आणि ती घ्यायला हात गोधडीखाली नेला, तर सुई आधीच कुणीतरी खालून ओढून घेतली होती. तिच्या बोटांना दुसरी बोटं लागली. उबदार होती. त्यांतलं मधलं बोट वाकडं होतं.

तिला ओरडायचं होतं. पण त्या हाताने तिचा हात असा धरला, जसा आजारी माणसाचा धरतात, आणि इतक्या दिवसांत तिला तसं कुणी धरलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. तिने मान गोधडीवर टेकवली. फक्त मिनिटभर, असं ती स्वतःला म्हणाली.

८

दाराची घंटा वाजली तेव्हा संध्याकाळ झाली होती. उठायला हवं होतं. तिने डोळे उघडले. ती रोज बसायची तिथून खिडकी उजव्या हाताला यायची. आता ती डाव्या हाताला होती, आणि पाठीला भिंत लागत होती.

"आले, आले," स्वयंपाकघरातून तिचाच आवाज म्हणाला.

पावलं झपझप दाराकडे गेली. कडी निघाली. नवऱ्याचा आवाज, बॅग टेकल्याचा आवाज. मग चिमी धावत गेल्याचा आवाज.

"अरे वा," नवरा म्हणाला. "हे आपलंच घर का? केवढा उजेड केलायस. आणि तू बरी दिसतेस गं. मला वाटलं होतं, आजारी पडलेली सापडशील."

"मला काय धाड भरलीये?" तिचा आवाज म्हणाला आणि हसला. ती असं हसायची, फार पूर्वी.

"बाबा, आई आता दमतच नाही," चिमी म्हणाली.

"मग कशाला कुणाला ताईकडे पाठवायचं? राहा इथेच आईजवळ."

हे तिने ऐकलं. अगदी स्पष्ट ऐकलं, आणि तिला मनापासून आनंद झाला. चिमी कुठेही जाणार नव्हती. ती खुर्चीवरून उठायला लागली, पण तिचे पाय उठले नाहीत. नवरा खोलीत आला, टेबलापाशी थांबला, गोधडीवरून हात फिरवला. त्याने समोर पाहिलं. त्याची नजर तिच्यावरून भिंतीवर गेली आणि खिळा कुठे मारायचा ते शोधू लागली.

त्याच्यामागून चिमी आली. ती टेबलाला टेकून उभी राहिली, हात लांब केला असता तर पोचला असता एवढ्या अंतरावर. तिच्या वेण्या घट्ट होत्या, गाल तुकतुकीत दिसत होते.

"आई," चिमीने हाक मारली.

"ओ," ती म्हणाली.

पण चिमी तोवर वळून स्वयंपाकघराकडे धावली होती.